आगपेट्या विकणाऱ्या माणसाच्या पैशातून आली माथेरानची झुकझुक गाडी

नेरळला उतरून मिनी ट्रेनसोबत सेल्फी काढला असेल, तर हा माणूस माहीत असायलाच हवा. सर आदमजी पीरभॉय.

मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. मुंबईत रस्त्यावर आगपेट्या विकून सुरुवात केली. पुढे ब्रिटिश लष्कराला तंबू पुरवायचं कंत्राट मिळालं आणि नशीब पालटलं. धारावीत चामड्याचा मोठा कारखाना उभा राहिला. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

आता माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण जगापुढे आणलं, पण वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर पाय. एकदा आदमजींना नेरळला काहीच मिळालं नाही आणि परत येईन तर स्वतःच्या रेल्वेने, असं म्हणत ते माघारी फिरले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण १९०४ मध्ये काम सुरू झालं हे खरं.

पैसा वडिलांचा, काम मुलाचं. मुलगा अब्दुल हुसेन याने ही लाईन उभारली, सल्लागार होते बार्शी लाईट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. खरी गंमत आखणीत आहे. चढ ठरला वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सातशे मीटर चढायचं तर किमान चौदा किलोमीटर रूळ हवेतच! म्हणून डोंगराला वळसे घालत लाईन वीस किलोमीटरच्या आसपास गेली. एके ठिकाणी तर गाडीला मागेपुढे करायला लागू नये म्हणून घोड्याच्या नालेसारखा भराव घातला. बोगदा मात्र एकच, आणि तोही इतका छोटा की लोकांनी नाव ठेवलं वन किस टनेल.

खर्च आला १६ लाख. त्या काळातले! आणि तेही अशा गाडीवर, जी पावसाळ्यात बंदच ठेवावी लागायची. धंद्याच्या हिशेबात हे बसतं का? आम्हाला तर हौसच जास्त दिसते.

२२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. त्याच वर्षी आदमजींना सर ही पदवी मिळाली आणि डिसेंबरमध्ये कराचीला मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९१३ मध्ये ते गेले. आपली गाडी त्यांना जेमतेम सहा वर्षं बघायला मिळाली.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हे रूळ वाहून नेले होते. २००७ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा वर चढली.