रिद्धपूरची महदाइसा

लग्नघरात विधवा बाईनं पुढं यायचं नाही, ही रीत आपल्यापैकी कित्येकींनी आजीच्या बाबतीत पाहिली असेल. म्हणून तर महदाइसेचं नवल वाटतं. मराठीतली ही आद्य कवयित्री बालविधवा होती, आणि तिनं रचली ती चक्क लग्नाची गाणी!

गोष्ट तेराव्या शतकातली, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची. महानुभावांचे गोविंदप्रभू म्हणजे अवलिया माणूस. एकदा त्यांच्या मनात आलं, आपलं लग्न लावावं. भक्तांनी हौसेनं सोहळा मांडला आणि गाणी म्हणायला सांगितली महदाइसेला. तिनं तिथल्या तिथं रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे रचून म्हटले. पुढचा भाग नंतर केला.

तिचं मूळ नाव रूपाइसा. नागदेवाचार्यांची ती चुलत बहीण. कोवळ्या वयात नवरा गेल्यावर घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं, एवढंच तेव्हा हाती असे. ती चक्रधरस्वामींकडे गेली. त्यांनी बायकांना संन्यास दिला, मोक्षाची वाट पुरुषांइतकीच मोकळी ठेवली. मासिक पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. नाकाला शेंबूड येतो तसाच हाही देहाचा धर्म, असं सांगितलं. सातशे वर्षांपूर्वी हं! आपल्याकडे अजून काही घरांत चार दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत.

महदाइसा मुकाट ऐकणारी नव्हती. अमकं असं का, तमकं तसं का, हे तिचं सतत चालायचं. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात तिचे प्रश्न जागोजागी सापडतात. स्वामींना तिच्या या जिज्ञासेचं कौतुकच होतं.

पण सगळंच गोड नव्हतं. याच पंथानं संन्याशाला चित्रातली बाईसुद्धा पाहू नको म्हणून बजावलं. म्हणजे मोक्ष बाईलाही, पण मोह म्हटला की पुन्हा बाईच! मी तरी इथं अडखळते. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर पंथाची धुराही नागदेवाचार्यांकडे गेली. महदाइसा रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली.

नागदेवाचार्यांचं एक मात्र मानायला हवं. केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा त्यांनी ते थांबवलं. संस्कृतानं आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, ही त्यांची काळजी. त्या म्हाताऱ्या म्हणजे पंथातल्या महदाइसेसारख्या बायका.

त्याच रिद्धपुरात 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं.