फलाटावर झोपलेलं लंडन

शिल्पकार म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चौकातला अश्वारूढ पुतळा उभा राहतो. माझ्याही राहायचा. त्यामुळे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या कामाचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा, खरं सांगतो, काही झेपलंच नाही. आडवी रेललेली एक बाई, डोकं लिंबाएवढं आणि पोटाच्या जागी चक्क आरपार भोक! पुढे कळलं की दुसऱ्या महायुद्धात याच माणसाने लंडनच्या भुयारी रेल्वेत झोपणाऱ्या लोकांची चित्रं काढली आहेत. ती पाहिली, आणि मग त्याचं चरित्र मिळेल तिथून वाचत सुटलो. लढाई चालू असताना घरी राहिलेल्या माणसांचं काय होतं, आणि त्यांच्यातच राहणाऱ्या कलावंताने अशा वेळी नेमकं करायचं काय, हा प्रश्न मूरइतका अंगावर घेतलेला कलावंत मला तरी दुसरा दिसला नाही. म्हणून हा लेख.

मूरचा जन्म ३० जुलै १८९८ चा, यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डचा. हे कोळशाच्या खाणींचं गाव. आठ भावंडांत हा सातवा. वडील व्हेल्डेलच्या खाणीत कामाला होते. स्वतः अभ्यास करून ते वरच्या हुद्द्यापर्यंत चढले, पण आपल्या मुलांनी खाणीत उतरायचं नाही, शिकून मास्तर व्हायचं, यावर ठाम होते. (वडील इथून तिथून सारखेच!) आईला संधिवात. तिच्या दुखऱ्या पाठीला औषध चोळून द्यायचं काम लहानग्या हेन्रीकडे असायचं. पुढे कित्येक वर्षांनी एका बसलेल्या बाईचं शिल्प करताना आपल्या हाताला तीच पाठ आठवत होती, असं त्याने सांगून ठेवलं आहे.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो मास्तर झालासुद्धा. पण १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात भरती झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत त्याच्या तुकडीवर विषारी वायूचा मारा झाला. त्याच्याच सांगण्यानुसार चारशेच्या आसपास माणसं गेली होती, हजेरीला उरली ५२. मूर दवाखान्यातून बरा होऊन बाहेर आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या युद्धाच्या वेळी तो जो आढेवेढे घेतो त्याचं मूळ मला इथे दिसतं.

सैनिकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर १९१९ मध्ये तो लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. तिथे शिल्पकलेचा विभागच नव्हता, तो याच्यासाठी सुरू करावा लागला. १९२१ ला लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. ब्रिटिश म्युझियममध्ये तासन् तास भटकणं, मेक्सिकोच्या प्राचीन मूर्तींच्या प्रेमात पडणं, मग शिकवण्याची नोकरी, १९२९ मध्ये इरिना रादेत्स्की या चित्रकलेच्या विद्यार्थिनीशी लग्न... हे सगळं भराभर सांगतो आहे, कारण पुढे खूप आहे. एक गोष्ट मात्र आपल्या कामाची. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गणिताची मॉडेल्स असायची, दोन चौकटींमध्ये दोरे ताणून वक्र पृष्ठभाग कसा तयार होतो ते दाखवणारी. आपल्याला हे शीटवर काढताना रडू येतं. मूर मात्र त्या दोऱ्यांवर इतका खूश झाला की १९३७ पासून दोन-तीन वर्षं त्याने दोरे ताणलेली शिल्पंच केली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं. मूर तेव्हा ४१ वर्षांचा, म्हणजे लगेच बोलावणं येईल असं वय नव्हतं. आता मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत! १९४० मध्ये मूर आणि त्याचा चित्रकार मित्र ग्रॅहम सदरलंड या दोघांनी चेल्सी पॉलिटेक्निकमध्ये अर्ज केला. कशासाठी? तर अचूक हत्यारं बनवण्याचं, म्हणजे टूलमेकिंगचं प्रशिक्षण घेऊन शस्त्रांच्या कारखान्यात काम करायला. देशाला आत्ता पुतळ्यांची गरज नाही, लेथवर हात चालवणाऱ्यांची आहे, असा साधा हिशोब. पण अर्ज भरमसाट, जागा थोड्या, आणि दोघांचे अर्ज तसेच पडून राहिले. ज्याला पुढे शतकातला मोठा शिल्पकार म्हटलं गेलं तो वर्कशॉपच्या वेटिंग लिस्टवर होता, ही कल्पनाच मला फार आवडते.

इकडे शिल्प करणंही अवघड झालं होतं. धातू सगळा युद्धाकडे वळलेला, आणि मोठा दगड घेऊन वर्षभर बसावं तर उद्या घर राहील की नाही ठाऊक नाही. त्यामुळे मूर कागदावरच काम करू लागला. नॅशनल गॅलरीचा संचालक केनेथ क्लार्क हा त्याचा चाहता. त्याने सरकारकडून युद्धचित्रकारांची समिती उभी केली होती. युद्धाची नोंद तर व्हावीच, पण पहिल्या महायुद्धात जशी कलावंत मंडळी मारली गेली तसं पुन्हा होऊ नये, हाही त्याचा हेतू. त्याने मूरला विचारलं. मूर नाही म्हणाला. युद्ध त्याने एकदा जवळून पाहिलं होतं, आणि त्यात आपण काढावं असं काही त्याला दिसत नव्हतं.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडायला लागले. लोक तिकीट काढून भुयारी रेल्वेत शिरायचे आणि बाहेरच यायचे नाहीत. सरकारला हे आधी मान्य नव्हतं. रेल्वे माणसांची ने-आण करण्यासाठी आहे, झोपायला नाही, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांनी ऐकलं नाही आणि महिना संपायच्या आत सरकारने माघार घेतली. २७ सप्टेंबरच्या रात्री भुयारात सुमारे १ लाख ७७ हजार माणसं होती. मग त्याचेही नियम झाले. फलाटावर काठापासून आठ फुटांवर एक आणि चार फुटांवर एक अशा पांढऱ्या रेषा मारल्या. संध्याकाळी साडेसातपर्यंत आठ फुटांच्या रेषेमागे राहायचं, नंतर साडेदहापर्यंत चार फुटांच्या, आणि गाड्या थांबल्या की मग फलाटभर पसरायचं. म्हणजे लोक अंथरूण टाकून पडलेले आणि त्यांच्या पायांशी कामावरून परतणारे प्रवासी चढता-उतरताहेत!

११ सप्टेंबरच्या रात्री मूर आणि इरिना मित्रांकडे जेवून घरी निघाले होते. एरवी ते मोटारीने जात, त्या दिवशी ट्यूबने आले. वाटेतल्या फलाटांवर त्याने पाहिलं तर भिंतीला लागून माणसांच्या रांगाच रांगा, कुशीत पोरं, अंगावर ब्लँकेट. बेल्साइझ पार्कला उतरले तर वर हल्ला चालू, बाहेर सोडेनात. तासभर खालीच थांबावं लागलं आणि मूर बघत राहिला. त्याच्या मनात काय झालं असेल ते मला त्याच्या आधीच्या शिल्पांवरून कळल्यासारखं वाटतं. गेली पंधरा वर्षं हा माणूस रेललेल्या बायका आणि मांडीवर मूल घेतलेल्या आया घडवत होता. भोकं पाडत होता. आणि आता समोर भुयाराच्या भोकात शेकडो आडवी शरीरं, शेकडो आया! जे तो दगडातून शोधत होता ते लंडनने आपणहून फलाटावर आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. पण तिथे बसून नाही, हे महत्त्वाचं. कपडे बदलणाऱ्या, मुलांना झोपवणाऱ्या, दमून तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसांसमोर वही उघडून बसणं त्याला शक्यच नव्हतं. लोकांच्या घरात न विचारता शिरावं तसं ते झालं असतं. तो नुसता फिरायचा. आवडलेल्या घोळक्यावरून पुन्हा पुन्हा जायचा, आडोशाला जाऊन एखाद्या पाकिटाच्या मागे दोन शब्द किंवा चार रेघा खरडायचा, आणि चित्र घरी जाऊन आठवणीतून. आज कुठेही काही झालं की आपला हात आधी खिशातल्या मोबाइलकडे जातो. त्यामुळे हे वाचताना मी जरा थबकलो.

त्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आधी साध्या मेणाच्या खडूने रेघा मारायच्या, लहान मुलं वापरतात त्याच. मग वरून गडद जलरंगाचा हात फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे रंग बाजूला सरकतो आणि खडूची रेघ अंधारातून उजळून वर येते. मग पेन आणि शाईने आकार पक्के करायचे. भुयारातल्या पिवळट उजेडाला आणि काजळीला याहून योग्य तंत्र सुचलं नसतं.

क्लार्कने ही चित्रं पाहिली आणि पुन्हा विचारलं. या वेळी मूर हो म्हणाला. ऑक्टोबरात बॉम्बने त्याच्या हॅम्पस्टेडच्या स्टुडिओची नासधूस केली, सुदैवाने दोघं तेव्हा गावाला होते. मग ते हर्टफर्डशायरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात राहायला गेले. एल्म लाकडाचं एक मोठं शिल्प विकून आलेल्या पैशांवर तिथलं घर घेतलं, आणि तिथून तो आठवड्यातून एकदोनदा लंडनला येऊन रात्र भुयारांत काढू लागला. लिव्हरपूल स्ट्रीटला नव्या मार्गाचं भुयार खणून तयार होतं, पण युद्धामुळे काम थांबलेलं, रूळ टाकलेले नव्हते. तिथे दोन्ही कडेला माणसांच्या रांगा, पार अंधारात विरून जाईपर्यंत. १९४१ चं 'ट्यूब शेल्टर पर्स्पेक्टिव्ह' हे चित्र तिथलंच. व्हॅनिशिंग पॉइंट म्हणजे काय ते ज्याला अजून कळलं नसेल त्याने हे चित्र बघावं. फक्त इथे त्या बिंदूकडे माणसं जात असतात.

पूर्व लंडनमधल्या टिलबरीच्या मालगोदामात तर हजारो गरीब लोक दाटीवाटीने, घाणीत राहत होते. तेही त्याने काढलं. भुयारांत बाकडी, संडास, चहाची सोय झाली, शिस्त आली, तसा मात्र त्याचा त्यातला रस कमी झाला. मला हे थोडं खटकतं. लोकांचे हाल कमी झाले आणि कलावंत निघून गेला, असा त्याचा अर्थ होतो का? पण तो काही समाजसेवक म्हणून आला नव्हता, हेही खरं.

ही चित्रं नॅशनल गॅलरीत लागली. तिथली जुनी मौल्यवान चित्रं बॉम्बच्या भीतीने आधीच वेल्सला हलवली होती आणि १९४१ मध्ये ती मॅनॉडच्या स्लेटच्या खाणीत नेऊन ठेवली. गंमत बघा, माणसं भुयारात, चित्रं खाणीत, आणि रिकाम्या भिंतींवर भुयारातल्या माणसांची चित्रं! बघायला आलेल्यांत ती फलाटावर झोपणारी मंडळीही असणारच. अनेकांना ती चित्रं आवडली नाहीत. चेहरे नीट नाहीत, माणसं ममीसारखी गुंडाळलेली. लंडनकर हसतमुखाने संकट झेलताहेत असं दाखवणारी पोस्टर्स तेव्हा सगळीकडे होती, मूरच्या चित्रात कुणी हसत नाही. त्याच हिवाळ्यात बिल ब्रँट या फोटोग्राफरने त्याच भुयारांचे फोटो काढले. डिसेंबर १९४२ च्या 'लिलिपुट' मासिकाने दोघांचं काम समोरासमोर छापलं. फोटोत माणूस ओळखू येतो. मूरच्या चित्रात येत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती झोपेतली बाई आपल्या घरातली कुणी वाटते. 'पिंक अँड ग्रीन स्लीपर्स'मधली दोन डोकी पाहताना मला तर एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकलेली माणसं आठवली.

त्यानंतर हर्बर्ट रीड या समीक्षकाने त्याला कोळशाच्या खाणी सुचवल्या. डिसेंबर १९४१ मध्ये मूर कॅसलफर्डला गेला आणि वडिलांच्या व्हेल्डेल खाणीत आयुष्यात पहिल्यांदा उतरला. ज्या खाणीपासून वडिलांनी त्याला दूर ठेवलं तिथेच तो सरकारी कामावर! वडील तेव्हा हयात नव्हते. दोनेक आठवडे तो खाली जाऊन रांगत, धुळीत, मिट्ट काळोखात माणसं कशी काम करतात ते बघत होता. त्याला आजवर स्थिर बसलेल्या बायका काढायची सवय. इथे घाम गाळणारे, वाकलेले, हलणारे पुरुष, तेही अंधारात. ही चित्रं भुयारांच्या चित्रांइतकी गाजली नाहीत. माझं मत विचाराल तर ती तितकीच दमदार आहेत. लंडनच्या विजेपासून शस्त्रांच्या पोलादापर्यंत सगळं त्या कोळशावर चाललं होतं, आणि तो खणणाऱ्यांकडे बघायला फार थोडे कलावंत गेले.

युद्धानंतरचं आयुष्य म्हणजे यशाची चढती भाजणी. १९४४ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या चर्चसाठी केलेल्या मेरी आणि बालयेशूच्या मूर्तीवरून आधी भरपूर वाद झाला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठं प्रदर्शन आणि त्याच वर्षी मुलगी मेरीचा जन्म. १९४८ ला व्हेनिसचं पारितोषिक. १९५१ मध्ये सर ही पदवी देऊ केली ती त्याने नाकारली. त्या सुमारास तो शिल्पातल्या बायकांच्या अंगावर चुण्यांची वस्त्रं घालू लागला. कापडाखालून शरीर कसं दिसतं हे आपण फलाटावरच्या ब्लँकेटांत शिकलो, असं तो सांगायचा. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे ब्राँझचं शिल्प बसवलं, फर्मीने २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली अणुसाखळी प्रक्रिया घडवली होती अगदी त्याच जागेवर, बरोबर २५ वर्षांनी. लांबून ते अणुस्फोटाच्या ढगासारखं दिसतं, आणि कवटीसारखंही.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी पेरी ग्रीनलाच तो गेला. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या आवारातून त्याचं दोन टनांचं एक ब्राँझ शिल्प चोरांनी क्रेन लावून ट्रकमधून पळवलं. ते भंगारात वितळवलं गेलं असावं, असा पोलिसांचा निष्कर्ष.

भुयारांच्या पहिल्या चित्रांची वही मात्र सुखरूप आहे. ती मूरने क्लार्कच्या घरी दिली होती, आणि क्लार्कच्या पत्नीच्या मृत्युपत्रानुसार १९७७ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमकडे आली. वही तशी छोटीच, वीत-दीड वीत उंचीची, आपल्या जर्नलपेक्षाही लहान.