श्रीमंत सयाजीराव गायकवाड आणि गावोगावच्या पुस्तकपेट्या

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरात गोपाळराव जन्मले. महाराणी जमनाबाईंनी १८७५ च्या मे महिन्यात त्यांस बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले, तेव्हा त्यांस नीट अक्षरओळखही नव्हती. वय बारा. आमच्या बोथकडे गरिबाघरचा मुलगा ज्या सुमारास पाटी ठेवून कापूस वेचावयास जातो, त्या वयात यांनी पाटी हाती घेतली. उशिरा शिकणाऱ्याचे कष्ट त्यांस पुढे कधी समजावून सांगावे लागले नसतील.

१८८१ अखेर कारभार हाती आला. सक्तीचे मोफत शिक्षण त्यांनी १८९३ त अमरेली तालुक्यात प्रथम व १९०६ त सर्व राज्यात सुरू केले. परंतु शाळा सुटली की नांगर हाती येतो, घरात पुस्तक नसते, आणि शिकलेले चार वर्षांत पुसले जाते. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी सर्वांस फुकट खुली असलेली वाचनालये पाहिली होती. १९१० त तेथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस त्यांनी बडोद्यास आणविले, आणि स्वतःचे सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकले. तेथे मुलांसाठी निराळी खोली होती.

आम्हांस मात्र अधिक मोलाच्या वाटतात त्या फिरत्या पेट्या. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके घालून ती खेड्यात धाडीत. भाडे सरकार भरी, वाचकास पै पडत नसे. वाचून झाली की पेटी परत जाई, दुसरी येई. कायमचे वाचनालय हवे असल्यास गावाने वर्गणी जमवावी, तितकीच भर पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. हे दान नव्हते, भागीदारी होती. म्हणूनच ते टिकले असे आमचे मत आहे.

दुसरी बाजू लपविणे योग्य नव्हे. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारा भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्याजवर पडली. पुढे त्यांच्याच शब्दावर महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले, व १९१३ त त्यांस अमेरिकेस पाठविले. हे गुरुजी त्या वाटेने गेले नसते तर? आणि १९१७ त तेच आंबेडकर बडोद्यास नोकरीस आले, तेव्हा जातीमुळे त्यांस राहावयास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही बाहेर काढल्यावर त्यांनी शहर सोडले. ग्रंथालय त्याच शहरात उघडे होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईस निवर्तले. ग्रंथालयाची १९३१ ची इमारत मांडवी भागात आजही उभी आहे. कपाटांमधील काचेच्या जमिनीतून उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरतो.