गाडगेबाबांचा खराटा आणि पोटातला अल्सर

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट घरात डेबूजी जानोरकर जन्मले. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि मुलगा लहान असतानाच वारले. आई सखूबाईने डेबूला मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आपल्या माहेरी नेले. तिथे त्याने मामाची गुरे राखली, शेती केली. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारूची पंगत हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे साफ करायची, रात्री कीर्तन. दारू का पिता, कर्ज काढून सण का करता, असे विचारून उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचे.

त्या काळी पोटातल्या अल्सरचा दोष तिखटाला, काळजीला आणि आम्लाला दिला जाई. बाबा गेल्यानंतर पाव शतकाने, १९८२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा काढला. तो बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो. दाटीवाटीची घरे, अस्वच्छ पाणी, न धुतलेले हात यांतून त्याचे फावते. बाबांना हा जंतू ठाऊक असणे शक्य नव्हते, पण त्यांचा खराटा त्याच घाणीवर चालत होता. दारूचे म्हणाल, तर ती एकटीच अल्सर करते असे नाही. जठराचे अस्तर मात्र ती दुखावते. अल्सरचे दुसरे मोठे कारण घरोघरी सापडते: अंगदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.

मुंबईसह ठिकठिकाणी बाबांनी धर्मशाळा उभारल्या. आजाऱ्याला औषधपाणी मिळावे, हा त्यांच्या शिकवणीचाच भाग होता. अल्सरला तर आज पक्के औषध आहे. जंतू आढळल्यास आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत प्रतिजैविके साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसतात. नुसत्या ॲसिडिटीच्या गोळीने जळजळ शमते, जंतू राहतो. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

२० डिसेंबर १९५६ रोजी आजारी बाबांना अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे प्राण गेले. मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. अमरावती विद्यापीठाला बाबांचे नाव दिले गेले, तेही त्याच वर्षी.