लेडी मेहेरबाई टाटा

लेडी मेहेरबाई टाटा यांचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या वडिलांचे नाव होरमसजी भाभा. थोर अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे भाचे. १८९८ साली जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि बक्षिसे मिळवत. आमच्या वर्गातल्या मुलींना हे खरंच वाटेना.

त्यांच्याजवळ कोहिनूरच्या दुप्पट मोठा हिरा होता. १९२४ साली टाटांचा लोखंडाचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा दोघांनी तो गहाण ठेवला. माझ्या आजीने पण होडीसाठी पाटल्या ठेवल्या होत्या, पण हा केवढा हिरा!

पुढे त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. मटणाच्या नळीत मऊ मगज असतो ना, तसा माणसाच्या हाडातही असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्त तिथेच तयार होते. तो बिघडला की रक्त बिघडते. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. हिरा असून काय करणार? १८ जून १९३१ रोजी विलायतेत वेल्स येथे त्या वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजी पण वारले. त्यांच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. हिरा विकून आलेले पैसेही त्या ट्रस्टलाच मिळाले.

माझी आत्या वरळी कोळीवाड्यात राहते. शेजारणीचा डबा द्यायला ती परळला गेली, तेव्हा मीपण बसने गेलो. बाहेर फूटपाथवर लांबलांबची माणसं चटया टाकून बसली होती.

याच हॉस्पिटलात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मुलगी नऊ वर्षांची, म्हणजे माझ्याहून लहान. मगज तिच्या भावाने दिला. यात आधी जालीम औषधांनी नाहीतर किरणांनी रोग्याचा मगज मारून टाकतात. किरणांनी मगज मरतो. रेडियम शोधणाऱ्या मेरी क्युरी १९३४ साली मगज निकामी होऊनच वारल्या. मग भावाचा मगज सलाईनसारखा शिरेतून सोडतात. तो आपोआप हाडात जाऊन बसतो. त्याला वाट कोण दाखवतं, नवलच आहे! दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त होऊ लागते. देणाऱ्याचाही मगज थोड्या दिवसांत भरून येतो. पण सख्ख्या भावंडांतसुद्धा चारांत एखाद्याचाच जुळतो.

आम्ही घरी तिघे आहोत.