कृपेची ग्वाही : रेव्हरंड ना. वा. टिळक

गोल बाजारात सणासुदीला भेटणाऱ्या आम्हां रायपूरकर मराठी कुटुंबांस शेजारचे राजनांदगाव परके नाही. १८९३ साली नागपुराहून तेथे निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे हृदय हेलावले. पतितासही क्षमा करून जवळ घेणारा देव त्यांस गवसला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे विलग राहिल्या. पुढे त्या परतल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे मानणाऱ्या टिळकांनी कृपेची ग्वाही अभंगांतून गायिली. १९१९ साली ते निवर्तले. त्यांची भजने मराठी उपासनेत आजही गायिली जातात.