ताराबाई मोडक आणि आपला हॉल

आज गावोगावी अंगणवाडी आहे. तिची आठवण ताराबाई मोडक यांच्यापाशी जाते. जन्म १८९२, मुंबई. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या.

हे इथं का सांगतोय? हॉलमधला खेळगट फक्त सभासदांच्या मुलांसाठी, हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता. बँकेतली सवय, दुसरं काय! वॉचमनची नात दाराशी उभी राहून बघायची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. आपल्या बीड जिल्ह्यात अशी लेकरं कितीतरी.

ताराबाई मुलांच्या दारी गेल्या. इथं तर पोर आपल्याच दारी आलंय. रौप्यमहोत्सवी वर्षात तो नियम रद्द करावा, ही सभासदांना माझी विनंती.